डोळे मी आखले

भाकरीचं ताट माझ्यासमोरून पुढं गेलं.

प्रभुभोजनाचा रविवार होता. आमच्या गावात चर्चला देऊळच म्हणतात, जुन्या माणसांपासून. त्या देवळात पुढं बाकं आहेत आणि मागं सतरंजी. बाकांवर जुनी घराणी बसतात. ज्यांचे आजे-पणजे मिशनच्या शाळेत मास्तर होते, दवाखान्यात कंपाउंडर होते, ती. सतरंजीवर आम्ही. मांगवाड्यातले. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही, कुणी सांगतही नाही. दारातून आत आलो की आमचे पाय आपोआप सतरंजीकडं वळतात.

ताट भाऊसाहेबांच्या हातात होतं. ते मंडळीचे वडील, पंचांमधले थोरले. पाळकसाहेबांच्या, म्हणजे पाद्रींच्या, बदल्या होतात, भाऊसाहेब जागेवरच असतात. माझ्या शेजारच्या म्हातारीनं, मार्थामावशीनं, पावाचा तुकडा उचलला. मग मी हात पुढं केला. माझ्या अंगठ्याच्या नखाला काळा रंग होता. घासून घासून कातडं लाल झालं होतं, रंग निघाला नव्हता.

भाऊसाहेबांनी हात बघितला.

"मूर्तीचे डोळे रंगवायचे आणि त्याच हातानं प्रभूची भाकर घ्यायची?" ते म्हणाले. हळू नाही म्हणाले. "आधी ते काम सोड."

आणि ताट पुढं गेलं. माझा हात तसाच. बाकांवरच्या काही माना मागं वळल्या. माझी मुलगी रूथ माझ्या पलीकडं बसली होती, तिनं माझा हात धरून खाली घेतला. मग गीत सुरू झालं. मी गायले. हे अजून मनाला लागतं. अपमान झाल्यावर मी तोंड उघडलं ते गाण्यासाठी.

राग आला नाही. खरं सांगते, अजिबात नाही. मला वाटलं, बरोबरच आहे त्यांचं.

मी घोडेगावच्या अलीकडं, हायवेच्या कडेला, गणपतीच्या कारखान्यात कामाला जाते. नवरा सुप्याला कंपनीत, आठवड्यानं घरी येतो. कारखान्याचे मालक अण्णा, कुंभार. मला घासकामाला घेतलं होतं. साच्यातून निघालेली मूर्ती पॉलिश पेपरनं गुळगुळीत करायची, पांढरी धूळ खायची, हे बायकांचं काम. रंगकाम पुरुषांचं. आणि सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे. आखणीला एकच माणूस असतो. बाकीचा रंग चुकला तर झाकता येतो, डोळा चुकला की मूर्ती गेली. एका हंगामात आखणीवाला काम सोडून पुण्याला गेला आणि अण्णा डोक्याला हात लावून बसले. मी सोंडेला तडा गेलेल्या एका मूर्तीवर सहज ब्रश फिरवून बघितला. अण्णा मागं येऊन उभे राहिले होते.

"तुजा हात थरथरत न्हाई गं," ते म्हणाले. "आजपास्नं तू डोळं कर."

माझे आजोबा हलगी वाजवायचे. गावच्या देवाची पालखी निघाली की पुढं हलगी आजोबांची, पण देवळाची पायरी चढायची नाही. देव आत, आजोबा बाहेर. पुढं त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पाळकांनी सांगितलं, ही हलगी मूर्तीपुढं वाजली, ती घरात नको. आजोबांनी ती अंगणात पायाखाली घेऊन फोडली. त्यानंतर त्यांनी कशालाच ताल धरला नाही म्हणतात, जेवताना ताटावर बोटसुद्धा वाजवलं नाही. आणि त्यांची नात आता गणपतीची हनुवटी डाव्या हातात धरून त्याचे डोळे आखते. ज्या देवाच्या पायरीला आजोबांचा पाय लागला नाही, त्याच्या चेहऱ्याला माझी बोटं लागतात. मला याचा अभिमान वाटायचा. मग अभिमान वाटला म्हणून भीती वाटायची.

त्याहून एक गोष्ट होती, ती मी कुणालाच सांगितली नव्हती. दुसऱ्या डोळ्यात बाहुली टेकवली की मूर्ती एकदम बघायला लागते. आतापर्यंत समोर नुसतं पीओपी असतं, आणि पुढच्या घटकेला कुणीतरी असतं. त्या वेळी माझे हात जोडले जाऊ बघतात. मी जोडत नाही. पण हातांना तसं वाटतं हे मला ठाऊक आहे, म्हणजे देवालाही ठाऊक असणार. रोज नळावर हात धुताना मी मनात माफी मागायचे. रोज तीच माफी, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच काम.

म्हणून ताट पुढं गेलं तेव्हा मला वाटलं, पकडली गेले.

त्याच आठवड्यात रूथच्या दृढीकरणाच्या वर्गात पाळकसाहेबांनी दुसरी आज्ञा शिकवली. दृढीकरण झालं की पोरांना प्रभुभोजन मिळतं, त्याआधी हा वर्ग असतो. कोरीव मूर्ती करू नये, तिच्या पाया पडू नये, तिची सेवा करू नये. मग त्यांनी विचारलं, कोरीव मूर्ती म्हणजे काय? रूथ उभी राहून म्हणाली, "आमची आई करती ते." पोरं हसली. घरी येऊन तिनं मला हे सांगितलं, मी भाकरी थापत होते.

"खोटं बोलले का मी?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. भाकरी तव्यावर टाकली ती करपली.

काम सोडणं परवडत नव्हतं. मग मी एक तोडगा काढला. आता हसू येतं, तेव्हा फार शहाणपणाचा वाटला होता. मी अण्णांना सांगितलं, घासकाम करीन, पांढरा हात मारीन, सोवळ्याला रंग देईन, डोळे तेवढे करणार नाही. डोळ्यांनीच देव होतो. देव करायचं पाप नको.

अण्णांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"डोळं आखल्यानं देव व्हतो आसं कुणी सांगितलं तुला? आगं, देव घरी व्हतो. गुरुजी मंत्र म्हणत्यात, प्राणप्रतिष्ठा करत्यात, तवा. आन् विसर्जनाच्या टायमाला त्याला निरोप द्यून परत मातीच करत्यात. हितं काय हाय? हितं माल हाय. देव आसता तर म्या त्याच्या डोक्यावर पाय द्यून वरचा पंखा पुसला आसता का?"

मी ऐकलं नाही. परत पॉलिश पेपर हातात घेतला. आखणीला अण्णांचा मुलगा बसला. त्याचा हात जड. एक डोळा दाराकडं, दुसरा छताकडं. रांगेनं त्या मूर्ती फळीवर उभ्या, आणि मी खाली धुळीत बसून त्यांच्याकडं बघायचे. वाटायचं, उठावं, ब्रश घ्यावा, एवढी बाहुली सरकवावी. मूर्तीची दया यायची. मग त्या दयेचाही अपराध वाटायचा. डोळे सोडले, पाप काही कमी झालं नाही. उलट दिवसभर तेच डोक्यात.

शेवटी मी बायबल घेऊन बसले. माझं शिक्षण आठवीपर्यंत. आजवर पाळक वाचायचे आणि मी ऐकायचे, ते जिथं थांबतील तिथं मी थांबायचे. आता पहिल्यांदा मी पुढं वाचत गेले. आज्ञा सापडली, सीनाय डोंगराजवळ. सोन्याचं वासरू सापडलं; ते लोकांनी स्वतःच्या कानातलं सोनं काढून देऊन करवून घेतलं होतं, आणि मग म्हणाले, यानंच आम्हाला मिसरच्या गुलामीतून सोडवलं. आणि त्याच पुस्तकात, काही पानं अलीकडं, बसालेल सापडला. कारागीर. देवानं त्याला नाव घेऊन बोलावलं, त्याच्या हातात कसब घातलं आणि कराराच्या कोशाच्या, म्हणजे आज्ञा ठेवायच्या पवित्र पेटीच्या, झाकणावर पंख पसरलेले दोन सोन्याचे करूब, म्हणजे देवदूत, घडवायला लावले. घडवायला लावले! मी ते परत परत वाचलं. याच्याबद्दल आमच्या देवळात उपदेश झालेला मला आठवत नाही.

आणखी पुढं मोशेचा पितळेचा साप. तोही देवानंच करायला सांगितला. रानात साप चावलेले लोक त्याच्याकडं बघून वाचले. तो साप पुढं पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवला आणि लोक त्याला धूप दाखवायला लागले. तेव्हा हिज्कीया राजानं त्याचे तुकडे केले. साप तोच. पितळ तेच. बदललं होतं ते लोकांचं गुडघे टेकणं. आणि प्रेषित पौलानं बायबलातल्या एका पत्रात लोभालाच मूर्तिपूजा म्हटलंय. तिथं तर छिन्नी नाही, रंग नाही, काहीच नाही.

मला सगळं समजलं असं मी म्हणत नाही. एवढं समजलं की ही गोष्ट माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा मोठी आहे. पण ते कुणाला बोलून दाखवायची हिंमत नव्हती. सतरंजीवरच्या बाईनं बाकावरच्या माणसाला शास्त्र सांगायचं, हे आमच्यात कुणी बघितलेलं नव्हतं. आणि मला शास्त्र नको होतं, भाकर हवी होती. लहानपणापासून ते एकच ताट असं होतं की जे बाकांवरून सतरंजीवर यायचं. त्या तुकड्यापुरतं आम्ही सगळे एक. तो तुकडा गेला म्हणजे माझं देवळात काहीच उरलं नव्हतं.

मग भाऊसाहेब स्वतः कारखान्यात आले.

मी धुळीत बसलेली. ते रुमाल नाकाला लावून उभे. देवळाचा वर्धापनदिन जवळ आला होता. दारात त्यांच्या वडिलांचा, दादासाहेबांचा, अर्धपुतळा बसवायचा होता. दादासाहेबांनी देवळाची घंटा दिली, मागची खोली बांधली. आणि आमची सतरंजीही त्यांनीच दिली होती, आमच्या लोकांना थंड फरशीवर बसायला लागू नये म्हणून. बाकं द्यावीत असं त्यांच्या मनात आलं नाही. अण्णांनी फोटोवरून चेहरा उभा केला होता, फायबरमध्ये उतरवला होता, कातडीचा रंगही झाला होता. पण डोळ्यांना हात लावायला अण्णा तयार नव्हते, आणि मुलाला तर लावू देणार नव्हते.

"अण्णा म्हणतात, आखणी तुझ्याइतकी कुणाला येत नाही," भाऊसाहेब म्हणाले.

मी धाडस करून विचारलं, "आन् दुसरी आज्ञा?"

"अगं, हा पुतळा आहे. मूर्ती नाही. याची कोण पूजा करणार आहे?"

"मग मला प्रभुभोजन?"

ते हसले. "सेवा करणाऱ्याला प्रभू विसरत नाही."

सौदा मला समजला. मी हो म्हणाले. बसालेल, पितळेचा साप, सगळं वाचलेलं होतं, तरी हो म्हणाले. ज्या हाताला त्यांनी भाकर नाकारली होती, तोच हात त्यांना आता हवा होता, हे मला दिसत होतं. त्याची चीड यायच्या ऐवजी मला आनंद झाला. हे लिहितानाही मान खाली जाते.

मी ते डोळे फार मन लावून आखले. फोटोत दादासाहेब समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडं बघत होते. तसेच बघायचे ते. मी लहान असताना ते सतरंजीच्या कडेनं चालत जायचे, धोतराचा सोगा सावरत, आणि नजर कायम लांब, वेदीवर. आमच्यापैकी कुणाच्या डोळ्याला त्यांनी डोळा दिलेला मला आठवत नाही. फोटोप्रमाणं आखलं असतं तर पुतळा बरोबर झाला असता. मी बाहुल्या खाली घेतल्या. अगदी थोड्या. पापणीची कड मऊ केली. मला चांगलं काम करून दाखवायचं होतं, भाऊसाहेबांना खूश करायचं होतं. माणूस मायाळू दिसायला लागला. समोर उभं राहणाऱ्याकडं वाकून बघणारा. अण्णा म्हणाले, "जित्ता झाला की गं म्हातारा." त्या वेळी माझ्या हातांना काही वाटलं नाही. मला वाटलं, चला, याचं पाप नाही.

वर्धापनदिनाच्या रविवारी पुतळा दारात होता. गळ्यात झेंडूचा हार. चौथऱ्यावर कुणीतरी मेणबत्ती लावलेली. बाकांवरचे लोक आत जाताना थांबत होते, मान लववत होते. आणि सतरंजीवरचे लोक चौथऱ्याला हात लावून तो हात छातीला लावत होते. कुणी सांगितलं नव्हतं. पाय जसे वळायचे तसे हात गेले.

मार्थामावशी पुतळ्यासमोर उभी होती. डोळ्यांतून पाणी.

"बघ की गं," ती मला म्हणाली, "आपल्याकडंच बघत्यात दादासाहेब. जित्तेपणी कवाच बघितलं न्हाई. आता बघाया लागले."

आणि तिनं हात जोडले.

हे मी केलं होतं. गणपतीला डोळे दिले तेव्हा मी कुणाला फसवलं नव्हतं. घेऊन जाणाऱ्याला ठाऊक होतं काय घेतोय, अण्णांना ठाऊक होतं काय विकतोय. इथं मी एक खोटा माणूस तयार केला होता. ज्यानं आम्हाला जन्मभर पाहिलं नाही त्याला मी बघायला लावलं होतं, आणि माझीच माणसं त्या खोट्या नजरेपुढं रडत होती. कोरीव मूर्ती ती हीच. मला ती कारखान्यात सापडत नव्हती.

तेवढ्यात भाऊसाहेब रूथला म्हणाले, "नमस्कार कर, आजोबांना."

रूथनं माझ्याकडं बघितलं. बोलायला हवं होतं, तोंडच उघडलं नाही. तिनं हात जोडले. मग चपला काढता काढता हळूच म्हणाली, "आई, हे आज्ञेत बसतं का?"

आम्ही आत गेलो. सतरंजीवर बसलो. उपासना झाली, दादासाहेबांच्या दानाबद्दल बोलून झालं. प्रभुभोजन सुरू झालं. भाऊसाहेब ताट घेऊन मागं आले. मार्थामावशीनं तुकडा घेतला. मग ताट माझ्यासमोर थांबलं. त्यांनी स्वतः ते थोडं खाली केलं, माझ्यासाठी.

"घे," ते म्हणाले.

तुकडा अगदी हाताशी होता. इतक्या महिन्यांनी. मला तो हवा होता, आजही हवा आहे.

मी उठून उभी राहिले.

"नको."

"अगं, घे. आता काही हरकत नाही."

"हरकत माजी हाय, भाऊसाहेब. मूर्ती मी केली. ती दारात हुबी हाय." माझा आवाज पार पुढं वेदीपर्यंत जात होता. "दादासाहेबांनी आमच्याकडं कधी बघितलं न्हाई. ते डोळं खोटं हायेत. मी आखलं, मला म्हाईत हाय. आन् आता माजी मानसं त्येच्या पाया पडायला लागली. ते दारातनं हलवा. मग मी भाकर घेईन."

"खाली बस," कुणीतरी बाकावरून म्हणालं.

"बसते. पण भाकर नको."

भाऊसाहेबांचा चेहरा लाल झाला. ताट पुढं गेलं. या वेळी ते मी पाठवलं होतं. मार्थामावशीच्या हातात तुकडा तसाच होता. ती माझ्याकडं बघत राहिली, घाबरून, आणि मग तिनं तो तोंडात टाकला. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. काही आठवड्यांपूर्वीच तर मी त्यासाठी डोळे आखले होते.

पाळकसाहेब नंतर घरी आले. म्हणाले, शांततेनं घे, मृत माणसाचा अपमान होतो, रूथच्या दृढीकरणाचाही विचार कर. मी रूथला विचारलं. ती म्हणाली, "मला आज्ञा पाठ हाय. अजून काय पायजे?" पाळकसाहेब चहा न घेता गेले.

पुतळा अजून दारात आहे. जाता-येता तो दिसतो. ते डोळे माझ्याकडं बघतात आणि मला आठवत राहतं की यात कुणी नाही, फक्त माझा लोभ आहे. तुकडाभर भाकरीचा लोभ. हा अपराध मी भाऊसाहेबांवर टाकणार नाही. त्यांनी मागितलं, मी दिलं. रात्री उठून तो फोडावा असंही मनात आलं होतं. आजोबांनी हलगी फोडली, त्यानं आमच्या घरातला ताल गेला आणि सतरंजी तशीच राहिली. फोडून भागत नाही.

कारखान्यात मी परत आखणीला बसते. अण्णांनी सगळ्यात बारीक ब्रश माझ्या पुढ्यात आणून ठेवला. हात धुताना मी आता माफी मागत नाही. नखातला रंग खरवडत नाही.

येत्या प्रभुभोजनाला मी जाणार आहे. रूथला घेऊन. चौथऱ्यासमोर थांबायचं नाही, हात जोडायचे नाहीत. कुणी जोडायला सांगितलं तर आईचं नाव सांगायचं, हे तिला बजावलंय. पुतळा दारात असेल तर भाकर घेणार नाही, आणि का घेत नाही ते उभी राहून सांगणार. त्याच्या पुढच्या प्रभुभोजनालाही. आणि सांगायला मी मागून उठणार नाही. पहिल्या बाकावर बसणार आहे. आत शिरले की पाय सवयीनं सतरंजीकडं वळतील. वळू देणार नाही.